भोंग्यातून आलेला निवाडा

वरवट बकालच्या बाजारात झुंबरबाईच्या शेजारी बसायला भाजीवाल्या बायका तयार नसत. कारण गिऱ्हाईक आधी तिच्याकडे जाई. तिची वांगी काही सोन्याची नव्हती. माझा मळा नि तिचा मळा एकाच नाल्याच्या काठी, माती तीच, पाणी तेच. पण ती वांगं असं हातावर घेऊन दाखवी की घेणाऱ्याला वाटावं, हे नेलं नाही तर आज घरी चूलच पेटायची नाही. मी तिच्याजवळ बसले ते दुसरी जागा मिळेना म्हणून. मग सवय झाली, आणि मग ती बाजारात नसली की मला करमेनासं झालं.

तोंडाची मोठी फटकळ बाई. भाव पाडून मागणाऱ्याला म्हणायची, "बापू, वांगं घेऊन राह्यला का वावर?" माणूस ओशाळून पैसे काढून द्यायचा. पण तिच्याकडे पाहिलं की आधी दिसायचं ते कपाळ. रोज सकाळी आधी मेण लावून त्यावर कुंकू दाबायची, चांगलं बोराएवढं. मळ्यात राबताना घाम यायचा, पदराने तोंड पुसायची, पण कपाळाला पदर लागू द्यायची नाही. आम्ही बायका तिला चिडवायचो, की कपाळ आहे का देवीचा शेंदूर फासलेला तांदळा. ती हसायची. तिला त्या कुंकवाचं एवढं का, हे ठाऊक असूनही चिडवायचो.

तिचा नवरा कडूबा घर सोडून गेला होता. महाराष्ट्र अजून व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. चैत्राचे दिवस, मळ्यात मोट चालू. हा बाबा मोट हाकता हाकता उठला आणि नाल्याच्या पलीकडून जाणाऱ्या बैराग्यांच्या जथ्यामागे निघून गेला. बैल जुंपलेले, मोट विहिरीत बुडालेली, पाटाला पाणी नाही. झुंबरबाई भाकर घेऊन गेली तर बैल उन्हात उभे. आशा, तिची पोरगी, तेव्हा चार वर्षांची होती.

पहिल्या साली आमच्या गावचे लोक ओंकारेश्वराला गेले होते, त्यांना तो भगव्या कपड्यांत दिसला. नावानं हाक मारली तर वळला नाही. त्यानंतर कोणाला दिसलाच नाही. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, दारू नव्हती. बायकोला सांगून गेला असता तर निदान तिने दोन शिव्या तरी दिल्या असत्या. मला आजही त्या माणसाचा राग येतो. देव शोधायचा होता तर बैल सोडून जायचं, पाणी पाजून जायचं.

घर आणि मळा झुंबरबाईनं सांभाळला. दीर शेषराव शेजारीच राहायचा. तो काही राक्षस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. मोट हाकायला यायचा, आशाला बाजारातून गोडीशेव आणायचा. पण त्याची आई कडूबाचं नाव घेत घेत मेली. मग त्याचं एक पोर तापानं गेलं, एक बैल विहिरीत पडला. कोणीतरी त्याच्या डोक्यात घातलं, की भावाचा जीव अधांतरी लटकलाय, तो घराला सुख लागू देत नाही. आमच्याकडे चाल अशी की, गेलेल्या माणसाची बारा वर्षं खबर नसली तर तो मेला असं धरायचं. पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा, सुतक धरायचं, तेरावी करायची. म्हणजे गेलेला सुटला आणि मागचेही सुटले. त्याची बायको मात्र त्या दिवशी विधवा होते.

शेषरावानं विषय काढला तेव्हा बारा वर्षं भरायला थोडाच अवधी राहिला होता. आशा लग्नाला आली होती, अकोटाकडचं एक स्थळ चालून आलं होतं. झुंबरबाईला दागदागिने नको होते, मोठा मांडव नको होता. तिला एकच पाहिजे होतं, की आशाची पहिली हळद आपण लावायची. पहिली हळद सवाष्ण लावते. पुतळा जळाला की तो हात तिचा राहणार नव्हता.

"ते जिते हायेत," ती म्हणायची.

"कशावरून, वयनी?" शेषराव विचारायचा.

ती खुरपं उचलून मळ्यात निघायची.

तशात एक दिवस मी शेगावच्या एसटी स्टँडवर भिंतीला लावलेलं पत्रक वाचलं. मी सातवी शिकलेली, त्यामुळे बायकांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. विद्यापीठाच्या धर्म-अध्ययन विभागाची जाहीर व्याख्यानं, खामगावला एका शाळेच्या सभागृहात, तीन दिवस. विषय, संन्यास आणि गृहस्थ. प्रवेश सर्वांना मोफत. शेवटी लिहिलं होतं की व्याख्यानानंतर श्रोत्यांच्या शंकांचं समाधान करण्यात येईल.

झुंबरबाईनं ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मंजुळे, जमिनीचा विभाग असते, पाटाच्या पान्याचा असते, तसा हा धर्माचा असन."

तिला हसू नका. साऱ्या गावानं तसाच अर्थ लावला, सरपंचानंसुद्धा. सरकारात प्रत्येक गोष्टीचा साहेब असतो, मग धर्माचाही असणारच, आणि नवऱ्यानं संन्यास घेतला तर बायकोनं कुंकू लावायचं की पुसायचं, हे त्यानं नाही सांगायचं तर कोणी सांगायचं? शेषराव तर खूश झाला. चावडीवर चार लोकांदेखत त्यानं कबूल केलं, "विभागाचा साहेब म्हनन का वयनी सवाशीन हाये, तं मी पुतळ्याचं नाव घेनार नाई. पन तो नाई म्हनला, तं तिनं आयकाले पाहिजे." झुंबरबाईनं मान डोलावली. असा तो करार ठरला, आणि ज्या विभागाच्या जिवावर ठरला त्याला त्याचा पत्ता नव्हता.

खामगावला आम्ही तिघं गेलो, ती, मी आणि शेषराव. सभागृहात सतरंज्या टाकलेल्या, पुढे शाळेचे मास्तर, वकील, एकदोन जिनिंगवाले शेठ. बायकांच्या बाजूला शाळेच्या चार बाया आणि आम्ही दोघी. साहेब म्हणजे प्राध्यापक वामनराव, किडकिडीत माणूस, जाड भिंगांचा चष्मा. बोलत होते चांगलं, पण आमच्या डोक्यावरून जात होतं. झुंबरबाई मात्र एक शब्द सांडू न देता ऐकत बसली होती. बाजारात तिला इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती.

शंका विचारायला सांगितलं तेव्हा वकिलांनी एक लांबलचक शंका विचारली, जिचं उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. मग झुंबरबाई उभी राहिली. "साहेब, माह्या नवऱ्यानं भगवे घेतले. मी कुंकू लावू का पुसू?"

मागे कोणीतरी हसलं. वामनराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "बाई, शास्त्रकारांचं यावर एकमत नाही. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतः करतो. म्हणजे जगापुरता तो मेला. पण त्याचा देह आहे तोवर पत्नीला वैधव्य येत नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत."

"मंग लावू ना?"

"आमचं काम अभ्यासाचं आहे, बाई. आम्ही निर्णय देत नाही."

आता हे वाक्य ऐकायचं तर कोणी ऐकलं नाही. झुंबरबाईनं ऐकलं की देह आहे तोवर वैधव्य नाही. शेषरावानं ऐकलं की जगापुरता तो मेला. दोघंही आपापला निकाल पदरात बांधून बाहेर आले आणि तिथंच, शाळेच्या पायरीवर, भांडायला लागले. वामनराव चहा सोडून बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. माणूस मनाचा वाईट नव्हता, हेही सांगते. त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं की, पुस्तकात वाचलेली गोष्ट लुगडं नेसून समोर येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

शेवटी शेषराव म्हणाला, "साहेब, देह हाये तोवर, असं तुमीच म्हनता ना? मंग देह दाखवा. चैतात बारा वर्सं भरतात. दिसला तं मी गप. नाई दिसला तं मी माह्या भावाले मोकळा करतो."

वामनरावांनी सांगितलं की त्यांचा विभाग नर्मदेच्या काठचे मठ हिंडून साधूंची माहिती गोळा करतोच आहे, तिथे विचारपूस करता येईल. खूण विचारली. झुंबरबाईनं आपला उजवा हात पुढे केला. "याच हाताची करंगळी नाई त्यायले. मोटेच्या नाड्यात गेली." सांगताना तिनं स्वतःची करंगळी दुसऱ्या मुठीत धरली होती.

चैत्र आला. शेषरावाला गावानं थांबवलं, विभाग शोधतो आहे म्हणून. पावसाळा गेला. दिवाळी झाली आणि कार्तिकात वामनरावांचं पत्र आलं. ते मीच वाचलं. कडूबा सापडला होता. नर्मदेकाठच्या एका मठात, नाव आता निःसंगगिरी. येत्या माघात विभागातर्फे खामगावला साधू आणि समाज असा संवाद ठेवला आहे, त्याला ते यायला कबूल झाले आहेत, तुम्हीही जरूर या.

झुंबरबाई पाट्यावर मिरची वाटत होती. तशीच तिखटाच्या हातांनी उठली आणि डोळे पुसायला गेली, मग डोळ्यांची आग आग झाली. मी तिचे डोळे धुवत होते, ती रडत होती नि हसत होती. तिचं ते रडणं मिरचीचं किती आणि कडूबाचं किती, तिलाच सांगता आलं नसतं.

ते तीन महिने तिच्या आयुष्यातले चांगले महिने. कासाराकडून हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. संक्रांतीला ज्या बाया तिला वाण द्यायला कचरायच्या, त्या घरी येऊन बोलावून गेल्या. शेषरावानं स्वतः लुगडं आणलं, म्हणाला, "वयनी, माह्यं चुकलं." आशाच्या सासरच्यांना निरोप गेला, फाल्गुनातली तिथी धरली. ती मला म्हणायची, "मंजुळे, मले त्यायले घरी आनाचं नाई. भगवं उतरवा म्हनत नाई. त्यायनं फक्त लोकायच्या देखत एक खेप म्हनावं का मी जिता हावो." एवढं मागणं. यापेक्षा कमी काही मागता येतं का, मला तरी ठाऊक नाही.

माघात गावातली पुष्कळ माणसं खामगावला आली. या वेळी गर्दी इतकी की कार्यक्रम पटांगणात ठेवला, झाडाला भोंगा बांधला. मंचावर खुर्च्यांवर चार साधू. एकेकाला शाल आणि नारळ दिला. तिसऱ्यानं नारळ घ्यायला हात पुढे केला तेव्हा झुंबरबाईनं माझं मनगट असं आवळलं की माझ्या बांगड्या रुतल्या. करंगळी नव्हती. जटा वाढलेल्या, अंग भरलेलं, चेहरा शांत. मी मोटेवर पाहिलेला हडकुळा कडूबा त्यात शोधायला मला वेळ लागला. तिला लागला नाही.

साधू बोलले. मोह, माया, बंधन. शेवटी वामनराव उभे राहिले.  म्हणाले, "गेल्या वर्षी एका भगिनीनं इथं एक प्रश्न विचारला होता. आमच्या विभागाला इतक्या वर्षांत कोणी इतका महत्त्वाचा प्रश्न विचारला नव्हता. त्या आज इथं आहेत." आणि माईक तिच्या हातात दिला. त्यांना वाटत होतं आपण दोन जिवांची गाठ घालून देतोय. इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसाला संन्याशाचा नियम ठाऊक नव्हता असं कसं म्हणू? ठाऊक होता. पण समोर बायको उभी राहिल्यावर तो माणूस नियम बोलेल, असं त्या भल्या माणसाला वाटलं नाही.

झुंबरबाईनं पदर सावरला. भोंग्यातून आवाज आला तेव्हा ती स्वतःच दचकली. "महाराज, मले काही नको. घरी चाला असं म्हनत नाई. पोरीचं लगीन हाये. फक्त या लोकायले सांगा का तुमी हायेत."

त्यानं मांडीवरचा नारळ सरळ केला. तिच्याकडे पाहत नव्हता, तिच्या डोक्यावरून मागे कुठेतरी पाहत होता. मग बोलला. आवाज अगदी मऊ. "माई," म्हणाला.

बायकोला माई म्हणाला. पटांगणातल्या आमच्या गावच्या बायांनी तोंडाला पदर लावले.

"माई, वरवटचा कडूबा मेला. त्याचं श्राद्ध मी माझ्या हातानं घातलं, त्याचा पिंड नर्मदेत सोडला. त्याला बारा वर्षं झाली. मेलेल्याला हाका मारू नको. तू सुखी राहा."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. वकील, मास्तर, शेठ, सगळे. एक जण म्हणाला, धन्य वैराग्य. मागचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं त्या भोंग्याची तार तोडून टाकावी. वामनराव तेवढे मंचावर हात लोंबकळत ठेवून उभे होते.

झुंबरबाईच्या हातात माईक होता. टाळ्या थांबल्यावर तिनं विचारलं, "मेले होते तं सांगावा काऊन नाई धाडला? मेल्यावर सांगावा धाडतात ना. मी इतके वर्सं कुंकू लावून राह्यली."

 निःसंगगिरी महाराजांनी डोळे मिटले. अध्यक्ष म्हणाले, वेळ कमी आहे, पुढचा प्रश्न. एका पोरसवदा कार्यकर्त्यानं तिच्या हातातून माईक हळूच काढून घेतला.

परतीच्या गाडीत शेषराव खिडकीशी बसून रडत होता. खरंखुरं रडत होता, त्याला भाऊ मेल्याचं आत्ता कळलं होतं. मी त्याला म्हणाले, "अहो शेषरावभाऊ, तुमच्या डोळ्यांसमोर तो माणूस नारळ घेऊन बसला होता. चांगला धडधाकट."

"मंजुळाबाई, त्यानं सोता सांगतलं. साऱ्यायनं आयकलं. आता मी कोन मोठा, त्याचं नाई मानाले?"

आठवड्याभरात वामनराव वरवटला आले. एसटीनं, धुळीनं माखलेले, पायात बूट. शेषरावाच्या ओट्यावर बसून त्यांनी परोपरीनं सांगितलं. संन्याशाचं बोलणं ती परिभाषा असते, त्याचा असा अर्थ घ्यायचा नसतो, ज्याचा पत्ता नाही त्याच्यासाठी पुतळ्याचा विधी असतो, इथे तर पत्ता आहे, माणूस आहे, या बाई सौभाग्यवतीच आहेत. बोलता बोलता ते म्हणाले, "मी तुम्हाला सांगतो, हा माझा निर्णय आहे." मागच्या वर्षी जे वाक्य द्यायला ते तयार नव्हते, ते आता देत होते. कोणी घेतलं नाही.

शेषराव हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमचे उपकार हायेत. तुमच्याच भोंग्यातून आयकलं आमी. आता तुमी दुसरं सांगता, तं आमी कोनतं धराचं?"

वामनराव झुंबरबाईकडे वळले. ती दारात बसली होती. तिनंच काही म्हणावं असं त्यांना वाटत असावं, मलाही वाटत होतं. जी बाई बाजारात कोणाचं ऐकून घेत नव्हती, ती एवढंच म्हणाली, "चहा घ्या साहेब, थंडा होऊन राह्यला." त्यांनी चहा घेतला आणि शेवटच्या गाडीनं गेले.

भटजीनंही आधी कांकू केलं, माणूस जिवंत असताना पुतळा कसा करू म्हणून. पण गावानं खामगावात ऐकलं होतं, आणि गावापुढे भटजी किती टिकणार. माघ संपता संपता नाल्याकाठी पुतळा झाला. पळस तेव्हा फुलायला लागलेला. देठ जमवायला शेषराव स्वतः झाडावर चढला. नारळ ठेवला, अग्नी दिला. बायांनी झुंबरबाईला नाल्यावर नेलं. कासाराच्या त्या नव्या हिरव्या बांगड्या, तीन महिन्यांच्याही झाल्या नव्हत्या. मी तिचा हात धरला होता, दुसरी कोणी बांगड्यांवर दगड मारत होती. कुंकू पुसलं तरी मेणाचा गोल कपाळावर राहिला. एका बाईनं तो नखानं खरवडून काढला. झुंबरबाईनं कपाळ पुढे करून ठेवलं होतं. मला वाटत होतं ती भांडेल, कोणाला तरी ढकलेल, मला तरी शिवी देईल.

इकडे हे चाललं होतं आणि तिकडे नर्मदेकाठी तो माणूस दोन वेळा जेवत होता. त्याच्या मठात मी शाप पाठवला असता, पण साधूला शाप लागत नाही म्हणतात.

फाल्गुनात आशाचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. सासरचे लोक समजूतदार, सुतक फिटलंय म्हणाले. हळदीच्या दिवशी अंगणात मांडव, पाटावर आशा बसलेली, बाया गाणी म्हणत होत्या. झुंबरबाई मागे गोठ्याच्या दाराशी, पांढऱ्या लुगड्यात. तिनं तिथं उभं राहावं असं कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःच जाऊन उभी राहिली होती. मी तिच्याजवळ होते.

आशा बापावर गेलेली, कमी बोलायची. पण शेषरावाची बायको हळदीची वाटी घेऊन पुढे झाली तशी ती पाटावरून उठली. तिच्या हातातली वाटी घेतली आणि सरळ अंगण ओलांडून गोठ्याकडे आली. गाणी थांबली. शेषराव मांडवाच्या खांबाशी उभा होता, त्यानं मान दुसरीकडे वळवली. मला अजून वाटतं, त्या वेळी कोणीच आडवं आलं नसतं. 

"माय, तू लाव," आशा म्हणाली आणि वाटी पुढे केली.

झुंबरबाईनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माय, तो जिता हाये. तू पाह्यलं ना. मले म्हाईत हाये, तुलेही म्हाईत हाये."

"हाव. जिता हाये," झुंबरबाई म्हणाली. "तो जिता हाये नं मी रंडकी हाये. दोनी खरं हाये, बाई. त्यानं माह्या तोंडावर सांगतलं. आता मी तुह्या गालाले हात लावला नं उद्या तुह्यं काही झालं, तं मी कोनत्या विभागात विचाराले जाऊ?"

आशानं तिचा हात धरून ओढायला पाहिलं. झुंबरबाईच्या हातात मळ्यात राबलेल्या बाईचं बळ, तो हात हलला नाही. मीही म्हणाले, लाव गं, मी आहे, कोण काय म्हणतं पाहते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी शेषरावाची बायको आली, आशाच्या हातातून वाटी घेतली आणि तिला खांद्याला धरून पाटाकडे नेलं. जाताना आशा मागे वळून पाहत होती.

गाणी पुन्हा सुरू झाली. पहिली हळद चुलतीनं लावली. झुंबरबाई गोठ्यात गेली आणि बैलांपुढे कडबा टाकू लागली. मी दारात उभी राहून तिला म्हणाले की बैलांचं झालंय, मघाशीच टाकलाय कडबा. ती म्हणाली, असू दे, आणि अजून टाकत राहिली.